बाईची झडती बाई घेईल

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला, कोळंबी सोलायचा एक कारखाना होता. बंदरात लाँचींवरून उतरलेली कोळंबी टोपल्यांतून तिथं यायची. बाया ती सोलायच्या, निवडायच्या, मग ती बर्फात गोठवून ट्रकनं बाहेर जायची. सोलणाऱ्या सगळ्या बायाच. दिवसभर ओल्या लादीवर बसून बोटांची सालं निघायची, आणि अंगाचा वास घरी गेल्यावर साबणानंही जायचा नाही.

संध्याकाळी पाळी सुटली की फाटकावर झडती व्हायची. झडती घ्यायचा महिपत. हा मंडणगडकडचा माणूस, मॅनेजरच्या कुणा ओळखीच्याच्या चिठ्ठीवर वॉचमन म्हणून लागलेला. कुणी माल लपवून नेत नाही ना, एवढंच त्यानं बघायचं. आधी तो डबा उघडायला सांगायचा, पिशवीत डोकवायचा. मग पदर झटकायला सांगू लागला. मग स्वतःच झटकू लागला. बाया अंग चोरून पुढं सरकायच्या. घरी कुणी बोलायची नाही. बोललं तर काम सुटेल आणि वर घरातूनच दोष लागेल, हे प्रत्येकीला माहीत होतं.

कमळा मयेकर त्या कारखान्यात लागून वर्षही झालं नव्हतं. नवरा हरिश्चंद्र मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षाचे बरेच महिने समुद्रावर. कमळाला कामाला लावलं ते तिच्या सासूनं, गोदूबाईनं. गोदूबाई कारखाना सुरू झाल्यापासून तिथं होती आणि तिच्याइतका झपाझप हात कुणाचाच चालत नव्हता.

त्या संध्याकाळी रांगेत गोदूबाई पुढं होती आणि कमळा तिच्यामागं. गोदूबाईच्या कमरेला पानाची चंची खोचलेली असायची. महिपतलाही ती रोज दिसायची. तरी त्या दिवशी तो म्हणाला, कमरेला काय जाड लागतंय, आणि त्यानं हात सरळ तिच्या निऱ्यांत घातला. गोदूबाई समोर बघत राहिली. तिचा चेहरा नुसता दगड झाला.

कमळानं मागून हात घालून महिपतचं मनगट धरलं.

"काढ हात," ती म्हणाली. "बाईची झडती बाई घेईल. तू नाय."

महिपतनं हिसका दिला, पण रोज टोपल्या उचलणाऱ्या बाईची पकड ती, सुटली नाही. मागची रांग थांबली. सुपरवायझर धावत आला तेव्हा कुठं कमळानं मनगट सोडलं, आणि सासूला पुढं घालून ती झडती न देताच फाटकाबाहेर पडली.

तिला वाटलं होतं, गोदूबाई निदान पाठीवरून हात फिरवील. गोदूबाई सगळी वाट चार पावलं पुढंच चालली. घरी आल्यावर पाय धुतले, चूल पेटवली, आणि मग पाठमोरीच बोलली.

"मी गप्प होते तवर ते मलाच ठाऊक होतं. तू बोललीस आणि आख्ख्या मिरकरवाड्याला कळलं."

सासूला ते रुचलं नाही हे कमळाला कळलं, पण आपलं चुकलं असं तिला वाटेना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावलं. तो बाहेरगावचा, गोड बोलणारा माणूस होता. आवाज न चढवता त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की बाईची झडती बाईनं घ्यावी हे कंपनीलाही पटतं. पण सुरक्षा रक्षक म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेली कुणीही बाई नव्हे. तिचं रीतसर प्रशिक्षण झालेलं पाहिजे. होमगार्डचं प्रमाणपत्र पाहिजे, सरकारी डॉक्टरचा दाखला पाहिजे, पोलिसांनी चारित्र्याची पडताळणी केलेली पाहिजे. अशी बाई रत्नागिरीत असेल तर घेऊन ये, उद्यापासून लावतो. एवढं बोलून त्यानं सुपरवायझरकडं बघितलं आणि दोघंही हसले.

कमळानं विचारलं, "महिपतचं प्रशिक्षण कुठं झालं?"

"महिपत पुरुष आहे."

"ते दिसतंय. मी प्रशिक्षण विचारलं."

मॅनेजरचं हसू गेलं. कामावर बसायचं तर मुकाट्यानं बस, नाहीतर घरी जा, असं त्यानं सांगितलं.

"जाते," कमळा म्हणाली. "तुम्ही सांगितलीत तशी बाई घेऊनच येते. ती बाई मीच."

तिची जागा त्याच दिवशी दुसरीला दिली गेली.

होमगार्डचं कार्यालय पोलिसांच्या मैदानाजवळ होतं. तिथल्या कारकुनानं तिला सांगितलं की बायकांची तुकडी आहे, नवी भरतीही चालू आहे, फक्त येणाऱ्या बाया कमी. सगळ्या अटी त्यानं वाचून दाखवल्या. वय, शिक्षण, उंची, तब्येत. कमळा मांडवीच्या शाळेत सातवी पास झाली होती, तेव्हा शिक्षणाचं निभावलं. उंची मोजायला भिंतीला पाठ लावून उभी राहिली तेव्हा कारकून म्हणाला, टाचा उचलू नका. टाचा जमिनीलाच टेकलेल्या आहेत, हे तिनं साडी घोट्यापर्यंत वर घेऊन दाखवलं.

डॉक्टरकडं मात्र अडलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं पापण्या ओढून बघितल्या आणि रक्त कमी आहे म्हणून दाखला नाकारला. दिलेल्या गोळ्या कमळानं नेमानं घेतल्या. रोज नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला खाल्ला, इतका की पुढं जन्मभर तिला शेवग्याचा वास नको झाला. पुन्हा गेली तेव्हा डॉक्टरीणबाईनं पापणी बघितली आणि सही केली.

राहिली पोलिसांची पडताळणी. एका दुपारी हवालदार वाडीत आला. त्यानं आधी शेजारी विचारलं. शेजारचा बाबू पडवीतच बसलेला होता. तो म्हणाला, जी बाई भर रांगेत परक्या पुरुषाचा हात धरते तिच्या चारित्र्याचं आम्ही काय सांगणार? नवरा बोटीवर, आणि ही निघाली पोलिसात. हवालदारानं ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही. मग तो मयेकरांच्या अंगणात आला.

गोदूबाई खळ्यात सूप घेऊन सुकट निवडत होती. सून घरातून ऐकते आहे हे तिला माहीत होतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच चाललं होतं. होमगार्डचं ऐकल्यापासून तर गोदूबाईनं तेही कमी केलं होतं. हवालदारानं विचारलं, सुनेची वागणूक कशी आहे?

"चांगली नाय," गोदूबाई म्हणाली.

आत कमळा दाराआड सरकली. बाबू आपल्या पडवीत सावरून बसला.

"उलट बोलते," गोदूबाई सुकट निवडता निवडता सांगत राहिली. "सांगितलेलं ऐकत नाय. एकदा डोक्यात घेतलं की देवाला जुमानत नाय. मीठ नेहमी जास्त टाकते. लिहा हे सगळं."

हवालदार गोंधळून थांबला.

"आता पुढचं लिहा. चोरी करणार नाय. खोटं बोलणार नाय. आणि माझ्या अंगाला कुणी हात लावला तर तिथल्या तिथं त्याचा हात धरील. एवढी माणसं होती रांगेत, दुसरं कुणी धरला नाय." मग तिनं वर बघितलं. "हे लिहिलंत तर मघाचं नाय लिहिलंत तरी चालेल."

हवालदार गेल्यावरही ती उठली नाही. कमळा बाहेर येऊन तिच्या शेजारी बसली आणि सुकटीत हात घातला. दोघींनी मिळून सुपातली सुकट निवडून संपवली.

प्रशिक्षण सुरू झालं. कवायत साडीत होणार नाही, खाकी पँट-शर्ट घालावा लागेल, असं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. काही बाया ते ऐकूनच परत गेल्या. जाणत्या बायांनी कमळाला सल्ला दिला, की कपडे पिशवीतून ने आणि तिथं गेल्यावर बदल. पहिल्या दिवशी तिनं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, मी काही चोरी करायला जात नाही. ती घरूनच पँट घालून निघाली आणि वाडीतून, मच्छी बाजारातून, एस. टी. स्टँडवरून चालत मैदानावर गेली. बाजारात कुणीतरी शीळ घातली. कमळा थांबली, वळली, आणि शीळ आली त्या टपरीसमोर जाऊन नुसती उभी राहिली. टपरीतली माणसं एकेक करून चहाच्या पेल्यात बघू लागली. मग ती पुढं निघाली. चालताना पाय मोकळे पडत होते, आणि ते तिला मनातून आवडलं.

शिकवायला लवू सावंत म्हणून फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. बायकांना शिकवायचं म्हणून ते आधी नाखूश होते. पहिला आठवडा त्यांनी नुसतं सावधान-विश्राम करून घेतलं. जी दमेल ती आपोआप जाईल, असा त्यांचा हिशोब. कमळा दमली, पण गेली नाही. पुढं लाठी आली, आग विझवणं आलं, जखमेला पट्टी बांधणं आलं. रायफलीच्या सरावाच्या दिवशी पहिल्याच गोळीला थ्री-नॉट-थ्रीचा दस्ता खांद्यावर असा बसला की तिला डोळ्यांपुढं काजवे दिसले. सुभेदारांनी विचारलं, पुरे का? ती म्हणाली, उरलेल्या गोळ्या माझ्याच आहेत ना? त्या संपवूनच ती उठली. निशाणाला फारशा लागल्या नव्हत्या. सुभेदारांनी तरी मान हलवली.

झडती कशी घ्यायची, हेही त्यांनी शिकवलं. बाईची झडती बाईच घेते, आडोशाला घेते, आणि कुणाची लाज काढायला घेत नाही. हे ऐकताना कमळाला महिपतचं मनगट आठवलं आणि तिनं नकळत मूठ आवळली.

प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा ती ते तसंच घेऊन कारखान्यात गेली. मॅनेजरनं कागद उलटसुलट करून बघितले. ही बाई खरंच परत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. मग तो म्हणाला, कागद ठीक आहेत, पण सध्या जागा नाही. हंगाम संपल्यावर बघू.

"तुम्ही उद्यापासून लावतो म्हणाला होतात."

"म्हणालो असेन. आता नाही म्हणतो."

कमळा भांडली नाही. गणवेश सरकारी कामावरच घालायचा असतो, म्हणून ती संध्याकाळी साधी साडी नेसून, पदर खोचून आली आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रस्ता कुणाच्या बापाचा नव्हता. पाळी सुटली. महिपत नेहमीच्या जागी आला. रांगेत पहिली सखू होती, पोरगेलीशी, कधी तोंड वर करून न बोलणारी. तिनं बाहेर उभ्या कमळाकडं बघितलं आणि महिपतला म्हणाली, "मी तिच्याकडं देते झडती."

महिपतनं फाटक लावून घेतलं. झडती दिल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही म्हणाला. सखू तिथंच फाटकाला पाठ लावून खाली बसली. तिच्यामागची बसली. मग एकेक करत सगळ्या बसल्या. आत मालानं भरलेला ट्रक इंजिन चालू करून उभा होता आणि त्याला बाहेर पडायला तेवढं एकच फाटक होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.

मॅनेजर खाली आला. आधी समजावलं, मग कामावरून काढायची धमकी दिली. बाया खाली मान घालून बसून राहिल्या. शेवटी गोदूबाई बोलली. ती रांगेच्या मधोमध, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून बसली होती.

"आम्ही झडतीला नाय म्हणत नाय, साहेब. घ्या ना. तुम्ही सांगितलीत तशी बाई ती उभी हाय बाहेर. तिला आत घ्या, आम्ही तिच्यापुढून जातो. नायतर ट्रक इथंच राहू दे. आम्हाला काय, वासाची सवय हाय."

बर्फ वितळायला लागला होता. ट्रकच्या मागून पाण्याची धार लागली होती. मॅनेजरनं ती धार बघितली, मग महिपतकडं बघितलं, आणि फाटक उघड म्हणून सांगितलं.

कमळा आत आली ती सरळ झडती घ्यायला लागली नाही. आडोसा पाहिजे म्हणाली. गोदामाच्या भिंतीशी दोन जुने पत्रे उभे करून घेतले, त्यावर ताडपत्री टाकून घेतली, आणि मगच पहिल्या बाईला हाक मारली. गोदूबाईची पाळी आली तेव्हा कमळानं नुसतं हातानं पुढं जा म्हणून खुणावलं.

गोदूबाई हलली नाही. तिनं कमरेची चंची काढून सुनेच्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरले.

"नीट बघ," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला नको."

कमळानं नीट बघितलं.

नोकरी आधी तात्पुरती म्हणून मिळाली. महिपतला मागच्या अंगाला, मालाच्या ट्रकांवर ठेवलं. तो समोरून आला की कमळा बाजूला होत नसे, त्यालाच व्हावं लागे.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. नारळी पौर्णिमेनंतर लाँची पुन्हा समुद्रात गेल्या, मोठी कोळंबी यायला लागली, आणि एका संध्याकाळी काशीच्या ओच्यात कमळाच्या हाताला गार, ओली पुरचुंडी लागली. काशी तिच्याबरोबर ओल्या लादीवर बसलेली, ट्रक अडवला त्या दिवशीही बसलेली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. घरी तापानं पडलेलं पोर आहे, त्याला काहीतरी चांगलंचुंगलं खायला पाहिजे, हे कमळाला न सांगता माहीत होतं. तिनं पुरचुंडी सोडून कोळंबी बाजूच्या टोपलीत रिकामी केली, ओलं फडकं काशीच्या हातात दिलं आणि पुढचीला हाक मारली.

टोपलीतली कोळंबी सुपरवायझरनं बघितली. वर बोलावणं आलं. मॅनेजरनं नाव विचारलं. अशी संधी तो बरेच दिवस शोधत होता. तो म्हणाला, रक्षक तू, पगार आमचा, तेव्हा चोराचं नाव द्यायलाच पाहिजे.

"तुमचा माल बाहेर जाऊ नये म्हणून मी उभी हाय," कमळा म्हणाली. "माल गेला नाय. मोजून घ्या. बाई मिळणार नाय."

"मग तुला काढावं लागेल."

"काढा. आणि उद्या फाटकावर महिपतला उभा करा. ट्रकची वेळ तेवढी बघून करा."

त्यानं काढलं नाही. एक ताकीद टाइप करून तिच्यापुढं ठेवली आणि सही मागितली. कमळानं ती सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली. खाली लिहिलं: वाचलं, मान्य नाही. मग सही केली.

काशीनं त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. रोज आडोशात यायची, हात पसरायची, पत्र्याकडं बघत उभी राहायची आणि जायची. कमळाला ते लागायचं. सुरुवातीला ती पोराची चौकशी करायची, मग उत्तर येत नाही म्हणून सोडून दिलं. पण झडती तिनं काशीचीही सोडली नाही आणि इतरांचीही नाही. होमगार्डच्या पुढच्या तुकडीत सखूनं नाव घातलं, तेव्हा पँट शिवून घ्यायला शिंप्याकडं कमळाच तिला घेऊन गेली.

दिवाळीच्या तोंडावर हरिश्चंद्रची बोट मुंबईला लागली. तो एस. टी. नं रत्नागिरीला उतरला आणि स्टँडवरच त्याला सगळी हकीकत तीन-चार तऱ्हांनी ऐकायला मिळाली. घरी न जाता, हातात ट्रंक घेऊन तो तसाच कारखान्यावर आला. पाळी सुटायची वेळ होती. फाटकाशी कंपनीनं दिलेल्या खाकी शर्टातली बाई पाठमोरी उभी होती, आणि तिच्या उभं राहण्यावरूनच त्यानं तिला ओळखलं. तो आत पाय टाकणार तोच ती वळली. इतक्या महिन्यांनी नवरा समोर, तिचा चेहरा फुलला, तरी तिनं हात आडवा धरला.

"बाहेर थांबा," ती म्हणाली. "झडती चालू हाय. या वेळेला पुरुष आत येत नाय."

हरिश्चंद्रनं रस्त्याच्या कडेला ट्रंक ठेवली आणि ट्रंकेवरच बसला. एकेक बाई बाहेर पडत होती, त्याला बघून पदर सावरत पुढं जात होती. काही वेळानं गोदूबाई आली. लेकाला बघून ती क्षणभर थबकली, मग आपला रिकामा डबा त्याच्या हातात देऊन त्याच्या शेजारी ट्रंकेवर टेकली.

"तिला घरी चल म्हणायची घाई करू नको," ती त्याला म्हणाली. "अजून बरीच रांग हाय."